चांदीचा पान्हा

मी सोयगाव सोडलं त्या सकाळी आई एसटी स्टँडवर आली नाही. गावानं फ्लेक्स लावला होता. त्यात माझ्यापेक्षा सरपंचांचा फोटो मोठा. गोठ्यातूनच आई म्हणाली, "धारेची वेळ हाय. म्हैस काय तुझ्या विमानासाठी थांबणार व्हय?" डोळे भरले होते तिचे, थेंब मात्र खाली आला नाही. आमची म्हैस, चांदी, फक्त आईच्याच हाताला पान्हा सोडायची.

जर्मनीतल्या लॅबमध्ये आठ वर्षं माझं काम याच्याच आसपास चाललंय. उंदरांच्या आयांना आम्ही मॉर्फिन देतो. दूध तयार असतं, पिल्लं ओढत असतात. पण मेंदू त्याच्याखालच्या इवल्याशा पिट्युटरी ग्रंथीला इशाराच देत नाही. तिचं संप्रेरक अडतं, पान्हा फुटत नाही. मॉर्फिनवरचा उतारा टोचला की फुटतो. हे सगळं आईला फोनवर समजावलं, तर म्हणाली, "एवढ्यासाठी इतक्या लांब गेलीस? मला इचारायचं की."

यंदा आई अचानक गेली. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. तीन दिवस चांदीनं कुणालाच दूध दिलं नव्हतं. कास दगड झालेली.

"ताई, तुझ्याकडं इंजेक्शन असंल ना?" धाकट्या भास्करनं विचारलं.

"ते उंदरांचं. आईचं लुगडं आण."

बाईच्या हाताची सवय झालेली म्हैस अशी फसवायची आमच्याकडं जुनी रीत. मी लुगडं नेसून बसले. आईच्याच पोटची मी, चांदीची हरकत नसावी. तिनं माझे हात हुंगले आणि चरवी लाथेनं उडवली.

मग भास्करनं तेच लुगडं गुंडाळलं, दाढीवरून पदर घेतला. शेजारच्या काकू रडता रडता म्हणाल्या, "लई देखणी दिसती रं!" चांदीनं मान वळवून पाहिलं, आणि चरवीत धार वाजायला लागली.

"तुझ्या हाताला साबणाचा वास येतो, ताई," भास्कर ओशाळून म्हणाला. दाढी तिला खपली होती.

मी अजून रडलेले नाही. दाटलंय, उतरत नाही. याचा उतारा आमच्या लॅबच्या कपाटात नाही. इथं जर्मनीत आपली माणसं जमली की घराच्या मोठमोठ्या व्याख्या करतात. माझं घर सोयगावला आहे. तिथली म्हैस मला ओळखत नाही, एवढंच.