बंद हॉलमधला धूप

सकाळी माझ्या पोळ्या चालू होत्या, यांचा डबा भरायचा होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली. उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या जयाताई. जयाताई कधी दार वाजवत नसत. जिन्यातूनच "सोनल, आहेस का गं?" अशी हाक यायची आणि तिन्ही मजल्यांना कळायचं, जयाताई खाली निघाल्या.

गेले काही महिने ती हाक येत नाही.

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत बारसं कुणाचंही असो, पाळणा म्हणणार जयाताईच. आईकडून शिकलेले, संगमेश्वरकडचे पाळणे. त्या सुरू झाल्या की पेढे वाटणारीसुद्धा थांबायची. आणि येत्या रविवारी बारसं होतं त्यांच्याच नातीचं, लेकीच्या, संचिताच्या मुलीचं.

जयाताई कल्याणला एका सरकारी कार्यालयात आहेत. तिथला हॉल नवा केला, एसी आला, खिडक्यांच्या जागी न उघडणाऱ्या काचा बसल्या. पावसाळ्यात छत आतून ओलं झालं, बुरशी धरली. कुणाचं डोकं दुखे, कुणाचे डोळे चुरचुरत, खोकला तर सगळ्यांनाच. जयाताई बायकांना घेऊन साहेबांकडे गेल्या.

"मॅडम, एसीत बसवलंय तुम्हाला. आता त्याचीही तक्रार?"

हॉलमध्ये परतल्यावर शेजारच्या टेबलावरचे मधुभाऊ म्हणाले, "बुरशी बोनस म्हणून दिलीय हो, घ्या गुपचूप!" सगळे हसले, हसता हसता खोकले आणि कामाला लागले.

मग जयाताईंनी आपण घरी करतो तेच केलं. वास मारतोय ना, धूप फिरवा. रोज दुपारची जेवणं झाली की निखाऱ्यावर ऊद घालून त्या हॉलभर फिरायच्या. काचा बंदच. "मॅडम, ऑफिसचं पार देवघर केलंत!" असं कुणी म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. कुबट वास झाकला जायचा. खोकला वाढला की त्या ऊद थोडा जास्त घालायच्या.

त्या सकाळी त्या माझ्या ओट्याशी येऊन बसल्या. आवाज घोगरा, फाटलेला. दर दोन शब्दांनी दम घेत होत्या.

"डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर असतो का? म्हटलं, घरात नाही." मग थांबून म्हणाल्या, "बुरशी त्यांची होती गं. पण धूर मीच केला. मधुभाऊ आता खिशात दम्याचा पंप घेऊन फिरतात. मलाच म्हणतात, 'मनाला लावून घेऊ नका.'"

मी आपलं काहीतरी बोलले. हळदीचं दूध घ्या, ज्येष्ठमध चघळा, रविवारपर्यंत उघडेल घसा.

"नाही उघडायचा. आवाज पहिल्यासारखा येईल असं धरून चालू नका, डॉक्टर म्हणालेत. संचिताला वाटतंय, साधा घसा बसलाय."

त्यांनी पाळण्याची पहिली ओळ धरली. दुसऱ्याच शब्दाला आवाज विरला, नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी गॅस बंद केला. त्यांच्याकडे बघवेना, आणि नजरही काढता येईना.

पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "शब्द मी तुला सांगते, चाल तुला येतेच. रविवारी माझ्या नातीचा पाळणा तू म्हणशील?"