बैल गेल्याची बातमी

मी तामसीजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात गिधाडं राखतो. एकोणीस वर्षं झाली. गावामागच्या कड्यावर ती राहतात. ढोरांना सुजेवर एक इंजेक्शन देतात. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की तीही पटापट मरतात. म्हणून आसपास कुठंही ढोर मेलं की पहिला फोन मला येतो. मी विचारतो, "सुई कोणती देल्ली होती?" बिनधोक असेल तर ट्रॅक्टरनं कड्याखाली नेऊन टाकतो. बायको म्हणते, "लोकाईले लग्नाचे फोन येते, तुमाले मेल्या ढोराचे." माझ्या शर्टाला वास येतो असंही ती चारचौघांत सांगते, ते मला अजिबात मान्य नाही.

यंदा कड्यावर एकच पिल्लू होतं. त्यात पंधरा दिवस एकही ढोर मेलं नव्हतं. आईबाप दिवसभर घिरट्या घालून रिकामे परतायचे आणि इकडे दुर्बीण लावून बसलेल्या माझा जीव वरखाली व्हायचा.

अशात एका सकाळी शेजारच्या मळ्यातल्या दादांचा फोन आला. ते भाजी पिकवतात.

"गुर्जी, माहा बैल गेला."

"वा, वा. सुई कोणती देल्ली होती?"

फोन बंद झाला. आपण काय बोलून बसलो ते मला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच पळत मळ्यात गेलो.

दादा खड्डा खणत होते. बाजूला मिठाचं पोतं.

"बारा वर्सं माह्यासंगं राबला," ते म्हणाले, "अन् तुमी वा वा करून राह्यले?"

एरवी मी या विषयावर तासभर बोलतो. तेव्हा मात्र एवढंच सुचलं, "चुकलं माहं, दादा. वर एक पिल्लू उपाशी हाये, त्याच्यापायी तोंडून गेलं."

दादांनी फावडं खाली ठेवलं. म्हणाले, "सुई नाही देल्ली. म्हातारा झालता." बैलाच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं आणि ट्रॅक्टरवर स्वतः चढले.

त्यानंतर रोज संध्याकाळी दादा कुंपणापाशी येऊन विचारायचे, "जेवलं का ते?" मी हो म्हणालो की वांगी ठेवून जायचे.

ऊन तापू लागलं तशी एका सकाळी पिल्लानं कड्याच्या टोकावर येऊन पंख पसरले. मी दुर्बीण डोळ्याला लावली तोच शेजारी उभ्या असलेल्या दादांनी ती माझ्या हातून ओढून घेतली. पिल्लू आधी जरा खाली गेलं, मग सावरून नदीच्या बाजूला उंच उंच चढलं.

"गुर्जी," डोळ्यावरून दुर्बीण न काढताच दादा म्हणाले, "माहा बैल पाहा कुठवर गेला."