ठकीचा जबडा

प्राणिसंग्रहालयातल्या माकडघराच्या राखणदाराला सगळे मऊकाका म्हणत. स्वभाव मऊ म्हणून नव्हे. स्वभावाने गृहस्थ चांगलाच करकरीत होता. पण त्याच्या हातून खायची वस्तू अख्खी म्हणून सुटत नसे. केळं असो की उकडलेला बटाटा, तळहाताखाली त्याचा लगदा झालाच म्हणून समजा.

सवय लागली बायकोमुळे. दुखण्यात तिचा जबडा धरला आणि शेवटची काही वर्षं तिला चावता येईना. काका दोन्ही वेळा कुस्करून भरवायचे आणि दोन दोन प्रकार कोण करणार म्हणून स्वतःही तेच गिळायचे. ती गेली. एक ताट फळीवर चढलं ते चढलंच. कुस्कर मात्र तसाच चालू राहिला. जेवताना घरात आवाज म्हणाल तर गळक्या नळाचा.

अशात माकडघरातली एक आई तापाने मेली आणि तिचं मुठीएवढं पिल्लू काकांच्या गळ्यात पडलं. पडलं ते खरोखरच गळ्याला मिठी मारून बसलं. काकांनी तिचं नाव ठकी ठेवलं. बाटली सुटली, दुधाचे दात आले, पण कुस्कर काही सुटेना. फाटकावरचा तिकीटवाला रोज टोचायचा, "काय मऊकाका, लेकीला भरवलंत का? की आता चावूनच देता?"

"तू तुझी तिकिटं फाड," काका म्हणायचे आणि आत जाऊन केळं कुस्करायचे.

मग नवी डॉक्टरीणबाई आली. तिने ठकीचं तोंड उघडून पाहिलं, कानशिलं चाचपली.

"काका, दाढा आहेत, पण त्या चालवणारे स्नायूच भरलेले नाहीत."

"लहान आहे हो अजून."

"तिच्या वयाची बाकीची पोरं फांद्या सोलतायत. तुमचं बोट ठेवा बघू कानशिलावर. आता दात आवळा. काही उचललं?"

"उचललं थोडं."

"माकडांत तो स्नायू पार माथ्याकडे चढतो. पण आपोआप नाही. वाढत्या वयात कठीण खाल्लं, तर तो भरतो, जबड्याचं हाडही त्याच्याबरोबर बळकट होतं. हे वय निसटलं की भरून काढणं अवघड."

"आणि नाही भरला तर?"

"कळपात हिला कुस्करून कोण देणार? थंडीच्या आत गेली नाही, तर नंतर कळपही घ्यायचा नाही. जन्मभर एकटी पिंजऱ्यात."

"मी आहे की."

"तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय, काका."

यावर काकांनी उगाचच झाडू उचलला.

दुसऱ्या दिवसापासून गाजरं सुरू झाली. पहिलं गाजर ठकीने काकांच्या कपाळावर मारलं. नेम उत्तम होता. मग ती तोंड उघडून, हात पसरून बसून राहिली. काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि खिशातल्या डब्यातून दोन बोटं लगदा चारला. असं रोज चाललं. पुढे गाजराचे तुकडेही नाहीसे व्हायला लागले, तेव्हा काका खूश झाले. "खाते हो!" त्यांनी बाईंना ऐटीत सांगितलं.

बाईंनी ठकीचा फुगलेला गाल खालून दाबला. माकडांच्या गालात पिशवी असते. तिच्यातून गाजराचे तुकडे जसेच्या तसे बाहेर आले.

"आणि तुमच्या खिशात काय आहे, काका?"

चोर दोघंही एकाच वेळी पकडले गेले. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शेजारी बसल्या.

"पिल्लं आईच्या तोंडाकडे बघून शिकतात. हिने कुणाला चावताना कधी पाहिलंय?"

ठकीने पाहिलेलं एकच तोंड काकांचं, आणि ते तर गिळायचं फक्त.

दुसऱ्या दिवशी डबा घरीच राहिला. काका पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले आणि कच्चं गाजर दाढेखाली घेतलं. कानशिलं ठणकली, डोळ्यांत पाणी आलं. ठकी जाळीला नाक लावून त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिने पहिला तुकडा खरोखर फोडला. मग दुपारचं जेवण दोघांचं एकत्र झालं: गाजर, मक्याचं कणीस, सालीसकट फांदी. फांदी मात्र काकांनी नुसतीच दाताला लावली.

"मऊकाका, जबडा रुंद झाला की हो तुमचा," तिकीटवाला म्हणाला. काकांनी त्याला गाजर दिलं.

थंडी लागायच्या आत बाईंनी ठकीची कानशिलं पुन्हा चाचपली आणि मान डोलावली. कळपाकडचं मधलं दार उघडलं. ठकी दोनदा मागे आली, तिसऱ्यांदा आली नाही.

आठवड्याने काका जाळीपाशी गेले. खिशात डबा होता. हाताने केळं कधी कुस्करलं, त्यांना कळलंच नव्हतं. ठकी धावत आली. तिने लगदा हुंगला, काकांचं बोट धरून पाहिलं, आणि परत जाऊन एका थोराड माकडिणीशेजारी फांदी सोलायला बसली. साल फाटल्याचा आवाज जाळीपर्यंत येत होता.

काका तिथेच उभे राहून तो लगदा खाऊ लागले. चावायचं त्यात काही नव्हतं. तरी घास उतरायला बराच वेळ लागला.