इतकं आलं, पुष्कळ झालं

पोरानं फळ्यावर अर्धं गणित सोडवलं, की आमचे गुरुजी डोक्यावरची काळी टोपी काढायचे. ती छातीशी धरून त्या पोरापुढे चक्क वाकायचे आणि म्हणायचे, "अरे वा, भिया! बस बस. इतकं आलं, पुष्कळ झालं!" मुलगा असो की मुलगी, त्यांच्या तोंडी सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ. पोरगं उरलेलं गणित तिथंच टाकून छाती फुगवून जागेवर जायचं. वर्ग टाळ्या पिटायचा. भिंतीपलीकडे माझा वर्ग होता. माझी मुलं पाढे म्हणता म्हणता थांबायची, त्या टाळ्या ऐकायची आणि मग माझ्याकडे बघायची. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती आणि जिभेवर साखरही नव्हती.

तुमच्याही पाहण्यात असे एखादे मास्तर असतील. सगळ्या पोरांचे लाडके, सगळ्या आयांचे देव. त्यांच्या शेजारच्या वर्गावर जी बाई असते तिचं काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

नवा मध्य प्रदेश होऊन फार वर्षं झाली नव्हती. परदेशीपुऱ्याच्या मजूरवस्तीत, कापडमिलचा भोंगा कानाशी वाजेल इतक्या जवळ, आमची प्राथमिक शाळा होती. पत्र्याचं छप्पर आणि तरटाच्या पट्ट्या. मुलं झाडून सगळी मिलमजुरांची, काही उत्तरेकडच्या लोकांची, काही खानदेशातून आलेल्यांची. शिकवणं हिंदीत चाले, पण गुरुजी ज्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायचे.

माणूस फार चांगला होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. कुणाचं पोर आलं नाही की हे मधल्या सुट्टीत त्याच्या चाळीत हजर. कुणाच्या पायाला खिळा लागला तर हे मांडी घालून बसत आणि स्वतः पट्टी बांधत. पाळी सुटायच्या वेळी मिलच्या फाटकावरून जाताना "मास्साब, राम राम" घेता घेता त्यांचा हात दुखून यायचा.

पण शिकवण्याच्या नावानं आनंद होता. पाचवीच्या मुलाला दहापर्यंत पाढे आले की टोपी निघायची. वाचताना पोरगं दोन ओळींत अडखळलं, की पुढचा धडा हे स्वतः वाचून टाकायचे आणि वर शाबासकी द्यायचे. भागाकारात पहिला आकडा बरोबर आला की बस बस.

एकदा मी भांडले. "गुरुजी, पाचवीच्या मुलांना तिसरीची गणितं घालता, तीही अर्धी. कशाला?"

ते शांतपणे चहा बशीत ओतत म्हणाले, "बाई, बाप पाळीत, आई पाळीत. घरी विचारणारं कोण आहे? शाळेत तरी कुणीतरी छान म्हणून राहिलं, तर काय बिघडलं? ह्यांच्याकडून आणखी काय मागायचं?" मग बशी खाली ठेवून म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला गणित चुकलं म्हणून मास्तरांनी छडी तुटेपर्यंत मारला होता. त्या दिवशी जो पळाला, तो अजून घरी आलेला नाही."

मी वह्या उचलून वर्गावर गेले. पण मला ते पटलं नाही.

मी राहायचे शहराच्या जुन्या भागात, मल्हारगंजात. गल्ली इतकी अरुंद, की आमच्या गॅलरीतून समोरच्या वकिलांची बैठक सरळ दिसायची. त्यांच्या मधूला शिकवायला संध्याकाळी आमचे हेच गुरुजी यायचे. मधूही पाचवीतच. पहिल्यांदा त्यांचा आवाज कानावर आला तेव्हा मला वाटलं, दुसरेच कोणी मास्तर आहेत.

"हा सात आहे की एक? पुन्हा कर. पहिल्यापासून."

"उत्तर बरोबर आहे ना, गुरुजी?"

"ते येणारच. त्यात काय मोठंसं! ताळा कुठंय? पुन्हा."

मधू पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा आणि एका ठिकाणी अडखळला की त्याला मुळापासून सुरुवात करावी लागायची. कधी रडकुंडीला यायचा. गुरुजींचा आवाज चढायचा, पण हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. टोपी मात्र पूर्ण वेळ डोक्यावर घट्ट. मधूसाठी ती एकदाही निघालेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. "मधूला रागावणं आणि आपल्या पोरांना टाळ्या! हा काय प्रकार आहे?"

ते हसले. "मधूला पुढं जायचंय ना, बाई."

"आणि ह्यांना?"

गुरुजींनी टोपी उगाचच सारखी केली आणि वर्गावर निघून गेले. मला इतका संताप आला की त्या दिवशी माझ्या वर्गानं बिचाऱ्यानं विनाकारण बोलणी खाल्ली.

त्यांच्या पाचवीत शेवंता नावाची मुलगी होती, सगळ्या वर्गासारखी पहिलीपासून त्यांच्याच हाताखाली. बाप मिलमध्ये मागावर होता. आईची छाती बिघडली आणि तिचं मिलचं काम सुटलं, तेव्हा गुरुजींनीच शब्द टाकून तिला वकिलांकडे धुण्याभांड्याला लावून दिलं. आई दवाखान्यात होती तेव्हा शेवंतानं नर्सबाई पाहिल्या होत्या. "त्या काचेच्या कांडीवरचे आकडे वाचतात आणि डॉक्टरसाहेबांना सांगतात. डॉक्टरसाहेब पण त्यांचं ऐकतात," ती मला डोळे मोठे करून सांगायची. तिला तेच व्हायचं होतं. त्यासाठी पाचवीनंतर सरकारी कन्याशाळेत जायला हवं होतं आणि तिथं प्रवेशासाठी परीक्षा होती. बापानं साफ सांगून टाकलं होतं की प्रवेश मिळाला तर शीक, नाही मिळाला तर आईचं काम धर.

शेवंताला काळजी नव्हती. वर्गात सर्वांत जास्त वेळा टोपी तिच्यासाठीच निघालेली. आपण हुशार आहोत, हे तिला भोंग्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी ती आईच्या मदतीला वकिलांकडे यायला लागली. भांडी घासायचा नळ बैठकीच्या खिडकीखालीच. वर गुरुजी मधूला शिकवायचे, खाली ही राखेनं कढया घासायची. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की वरून "पुन्हा" असं ऐकू आलं की हिचा हात थांबतो.

मग तो दिवस आला. मी खडू मागायला त्यांच्या वर्गाच्या दारात उभी होते. शेवंता फळ्यापाशी. भागाकाराचा पहिला आकडा तिनं लिहिला आणि गुरुजींची टोपी निघाली. "अरे वा, भिया! बस बस. इतकं आलं..."

पोरं टाळ्यांना सरसावली होती. शेवंता जागेवरून हलली नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "मधूला रागावता तसं मला पण रागवा ना."

गुरुजी टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. काही पोरं हसली. शेवंता हसली नाही. "त्याला पुन्हा कर म्हणता. मला कधीच नाही म्हणत. मला येणार नाही म्हणून का?"

मी खडू न घेताच परतले. त्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवेना.

शाळा सुटल्यावर ते माझ्या वर्गात येऊन मुलांच्या पट्टीवर बसले. "बाई, ती खरं बोलली. पहिल्या दिवशीच मी ह्या पोरांच्या नावानं हात धुवून बसलो होतो. आणि वर त्याला माया म्हणत होतो."

दुसऱ्या दिवसापासून टोपी निघायची बंद झाली. "पुन्हा कर. पूर्ण कर." गुरुजींचा मल्हारगंजातला आवाज परदेशीपुऱ्यात आला. मी मनात म्हटलं, चला, आता गाडी रुळावर येईल. कसलं काय! ज्या पोरांनी आजवर चूक हा शब्द ऐकला नव्हता, ती एका "चूक"सरशी रडायला लागली. काहींनी पाटीच फिरवून ठेवली. काही शाळेच्या वाटेवरूनच परत फिरू लागली. पट्ट्या रिकाम्या दिसायला लागल्या.

एक बाप पाळीवरून तडक शाळेत आला. कपड्यांवर कापूस तसाच. भांडायला नव्हता आला, हेच वाईट. हात जोडून म्हणाला, "मास्साब, पहले तो आप बोलते थे लड़का होशियार है. अब बोलते हो कुछ नहीं आता. मैं अनपढ़ आदमी, मेरे को इतना बता दो, तब झूठ बोल रहे थे कि अब?"

"तब," गुरुजी म्हणाले.

तो माणूस पोराचा हात धरून निघून गेला. ते पोर पुन्हा शाळेत आलं नाही.

राहिली ती शेवंता. तिला रडू यायचं, पण ती रडता रडता लिहायची. रोज शाळा सुटल्यावर गुरुजी तिला घेऊन बसत. पाचवीचं गणित काढलं की चौथीचं येत नाही असं दिसायचं, चौथीचं काढलं की तिसरीचं. वजाबाकीत हातचा घ्यायचा कुठून, इथंच मुळात गाडं अडलेलं. वाचनाचीही तीच गत. परीक्षा तोंडावर आलेली आणि ही दोघं मागं मागं चाललेली. मी माझं आवरून घरी निघताना दारातून बघायचे. गुरुजींचा चेहरा कापसासारखा पांढरा झालेला असायचा.

"रागावता येतं, बाई," एकदा ते म्हणाले, "पण हिची वर्षं मी खाल्ली, ती कुठून आणून देऊ?"

मी त्यांच्यापुढे चहाची बशी सरकवली.

त्या दिवसांतलं एकच चांगलं आठवतं. शेवंताचा एक भागाकार जवळजवळ शेवटापर्यंत गेला. गुरुजींचा हात सवयीनं टोपीकडे गेला. पाटीवरून मान वर न करता ती म्हणाली, "थांबा, गुरुजी. अजून राहिलंय." आणि तिनं तो पुरा केला, ताळ्यासकट. गुरुजींनी डोळे पुसले ते उपरण्यानं. टोपीला हात लावला नाही.

परीक्षा झाली. निकाल विचारायला गुरुजींना एकट्यानं जाववेना, म्हणून मला बरोबर घेतलं. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका सज्जन बाई होत्या. शेवंताचं नाव ऐकून त्यांनी मान हलवली. "मुलगी फार मेहनती वाटली हो. जेवढं सोडवलं, तेवढं अगदी नेटकं. पण अर्धा पेपर कोराच. आणि वाचायला दिलेला उतारा तिला पुरा करता आला नाही. पायाच कच्चा राहिलाय. कोणाच्या हाताखाली होती?"

मी घाईघाईनं काहीतरी बोलायला गेले. गुरुजींनी मला थांबवलं.

"माझ्या," ते म्हणाले.

तिथून आम्ही चालतच शेवंताच्या चाळीत गेलो. बाप पाळीवर जायच्या तयारीत होता. गुरुजींना बघून त्यानं घाईघाईनं खाटेवर चादर टाकली. गुरुजी बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगितलं, मुलीचा प्रवेश झाला नाही, चूक मुलीची नाही, माझी आहे. तिला आणखी एक वर्ष माझ्याकडे राहू द्या, मी पाया पडतो. शेवंता दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

बापाला बिचाऱ्याला ते सहनच होईना. एवढा मोठा माणूस आपल्या दारात असं बोलून राहिलाय! त्यानं गुरुजींचे दोन्ही हात धरले आणि अगदी मनापासून, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, "जाऊ द्या हो, गुरुजी. आमच्यासारख्याच्या पोरीला इतकं आलं, पुष्कळ झालं."

गुरुजींनी हात सोडवून घेतले. टोपी काढली. कुणापुढे वाकण्यासाठी नव्हे, नुसतीच काढली. मग ती मुठीत चुरगळत जिना उतरले. मी मागोमाग गेले तेव्हा ते खालच्या नळापाशी भिंतीला हात टेकून उभे होते आणि लहान मुलासारखे हुंदके देत होते.

त्यानंतर मी त्यांना बोडकेच पाहिले. मधूची शिकवणी त्यांनी सोडली. वर्गावर यायचे, मुलांकडून गणित पुरं करून घ्यायचे, धड्याची शेवटची ओळ ऐकल्याशिवाय पोराला बसू द्यायचे नाहीत. रागवायचेही नाहीत आणि वाखाणायचेही नाहीत. वर्ग अर्धाच भरायचा. शेवंताच्या बापाकडे ते पुन्हा पुन्हा जाऊन आले, पण आईची छाती आणखी बिघडली होती आणि घरात काम करणारं माणूस हवं होतं. पुढच्या थंडीत गुरुजी तापानं आजारी पडले आणि उठलेच नाहीत. मिलमजुरांनी खांदा दिला. पोरं खूप रडली. मी त्या गर्दीत उभी होते आणि मला त्यांचा रागही येत होता, आणि आपलं माणूस गेल्यासारखं रडूही येत होतं. अजून दोन्ही येतं.

मधूला दुसरे मास्तर आले. एका संध्याकाळी मी गॅलरीत होते. वरच्या बैठकीतून आवाज आला, "पुन्हा कर. पहिल्यापासून." खाली नळाशी शेवंता एकटीच एक मोठं पातेलं घासत होती. घासून घासून ते आरशासारखं झालं होतं, तरी तिचा हात थांबेना. माझ्यानं राहवलं नाही. मी वरून म्हटलं, "शेवंते, बस झालं गं. चांगलं निघालंय."

तिनं वर बघितलं नाही.

"नाही, बाई," ती म्हणाली. "अजून राहिलंय."