नळ आहे, पण येतो कधी?

पहिल्यांदाच भाड्याची खोली शोधणाऱ्यांसाठी ॲप बनवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, ते वर्ष दुष्काळाचं होतं. शहर मात्र बायपासच्या पलीकडं पसरतच होतं. मी यादी केली: पंखा, खाट, संडास, नळ. पुढं ‘आहे’ किंवा ‘नाही’. एकूण एक घरमालकांनी नळापुढं ‘आहे’ दाबलं आणि मी स्वतःवरच खूश.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच निघालं. देवगाव रंगारीच्या माझ्या मावसबहिणीला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती. काका, म्हणजे तिचे वडील, सोबत आले ते अट घालूनच. “खोली पटली तर ठिवीन, नाय तर आजच माघारी.” ती बिचारी सगळी भिस्त माझ्यावर टाकून उभी.

ॲपमधली सगळ्यात चांगली खोली मी दाखवली. काकांनी पंखा पाहिला नाही, खिडकी पाहिली नाही. सरळ मोरीत जाऊन तोटी फिरवली. कोरडी ठाक.

“नळ हाय ते दिसतंय गं बाई. येतो कवा?”

“आठव्या दिवशी,” दारात उभी असलेली घरमालकीण म्हणाली. “मोबाईलात विचारलं नळ आहे का, मी सांगितलं आहे. खोटं बोलले व्हय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत असताना “नळ आले!” अशी हाक ऐकून मी भरल्या ताटावरून उठून पळायची. गल्लीभर बादल्यांचा खडखडाट, भांडणं, त्यातच हसणं. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो. आणि नेमकं तेच विचारायचं मी विसरले होते!

काकांनी पिशवी उचलली. “चल. नळ आला आन् ही ड्युटीवर असली, तर पाणी कोण भरल?”

बहिणीचे डोळे भरून आले.

“मी भरीन की,” घरमालकीण म्हणाली. “माझे भरते, तसा तिचा बी ड्रम भरीन.”

काकांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

त्याच संध्याकाळी मी यादीत दोन प्रश्न घातले: नळ कितव्या दिवशी येतो, आणि भाडेकरू घरी नसला तर पाणी कोण भरतं? ॲपवर माझ्यासोबत काम करणारे खो खो हसले. ॲप पुढं बंद पडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बहिणीनं आता स्वतःचं घर बांधलंय. वरची खोली भाड्यानं दिलीय. परवा फोन केला तर घाईनं म्हणाली, “ताई, ठिव. नळ आलेत. वरची पोरगी ड्युटीवर हाय, तिचा ड्रम भरायचाय.”