साडूंचा पेटीतला प्रोग्रॅम

एका जागी नीट चालणारी वस्तू दुसरीकडे नेली की हमखास रुसते, यावर आमच्या साडूंचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता. आमच्याकडे इंदापूरला मुक्कामाला यायचे ते बारामतीहून स्वतःची उशी, चहाची पावडर, साखर आणि पातेलं घेऊन. आमची ही चिडायची. "दाजी, पाणी तरी आमचं चालेल ना?" यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "बघू की. पर चहा बिघडला तर मला बोलायचं न्हाय." असल्या माणसाने नव्वदच्या दशकात साखर कारखान्यातली बरी नोकरी सोडून कॉम्प्युटर घ्यावा आणि दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहीत बसावं, म्हणजे कर्म त्यांचं, दुसरं काय.

प्रोग्रॅम मोठा गुणी होता म्हणे. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं मराठीत पडद्यावर. पण फ्लॉपीत घालून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नेला की मुका. कुठे मराठी अक्षरंच उमटेनात, कुठे त्याला लागणारी कुठलीशी फाईलच नसायची. "माझ्याकडं चालतोय की हो," म्हणत साडू घामाघूम. पिंपळीत, कन्हेरीत, सगळीकडे हीच शोभा. शेवटी घरातून बजावलं गेलं, पळसदेवच्या संस्थेत जमलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून पुण्याला मेव्हण्याच्या वर्कशॉपात कामगारांच्या हजेऱ्या मांडायला जायचं. पुण्याचं नाव निघालं की साडू भरल्या ताटावरून उठायचे.

मग त्यांनी सुताराकडून एक भलीथोरली पेटी करून घेतली. आत त्यांचा कॉम्प्युटर सगळ्या फायलींसकट जसाच्या तसा, स्टॅबिलायझर, वायरी, शिवाय बसायचं स्टूल. "पोरगी सासरी धाडताना भांडीकुंडी देतोच की, साडू," मला म्हणाले. "ह्यो एकटा कुठं नांदंल?" मला पटलं. जीपमध्ये पेटीला मिठी मारून आम्ही दोघे पळसदेवला पोचलो.

सगळं बरोबर आणलं होतं, वीज तेवढी पळसदेवची होती. उजनीच्या पाण्यावर साऱ्या गावाच्या शेतातल्या मोटारी चालू, त्यामुळे ऑफिसातला दिवा नुसता मिणमिणत होता. कॉम्प्युटर सुरूच होईना. साडूंनी चेअरमन आबांना हात जोडले, "आबा, घटकाभर मोटारी बंद करायला सांगा." गाव भलं. आबांचा निरोप सांगायला जमलेली माणसं शिवारात पळाली, उसाचं पाणी तोडून एकेक मोटार थांबत गेली. दिवा उजळला, साडूंनी बटण दाबलं. मी खुशीत बाहेर चहा सांगायला गेलो. तिकडे उरल्यासुरल्या मोटारीही थांबल्या आणि व्होल्टेज चढतच राहिलं. मी परतलो तो खोलीभर धूर. स्टॅबिलायझर जळला होता, कॉम्प्युटरही. आबा ओशाळून म्हणाले, "आमी तर तुमी सांगितलं तसंच केलं, साहेब."

"व्हय आबा, तुमची न्हाय चूक," एवढंच साडू बोलले. परतीच्या वाटेवरही ते पेटीला मिठी मारूनच बसले होते. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

पुढे ते पुण्याला निघाले तेव्हा स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. एसटी लागली. सामान एक पिशवी, उशीसुद्धा नाही. पायरीवर पाय ठेवून ते थांबले.

"साडू, जळायच्या आधी जरा वेळ चालला हुता बरं का. पयलं नाव मराठीत आलं हुतं. आबांनी चष्मा आणला नव्हता. तुमी तरी बघितलं ना?"

"बघितलं की," मी म्हणालो. "स्वच्छ दिसत होतं."

"मंग बरं," म्हणून ते आत जाऊन बसले. अजून वाटतं, त्या दिवशी चहा जरा उशिरा सांगितला असता तरी चाललं असतं.