वाचायच्या पुस्तकांच्या दोन याद्या

मुळशी तालुक्यातल्या भरे गावात भाड्याच्या खोलीत राहायला आले तेव्हा माझ्या सामानात एक यादी होती. वाचायच्या पुस्तकांची. कॉलेजात असताना सुरू केलेली, वाढत वाढत पन्नासच्या आसपास गेलेली. खोलीत आल्यावर ती एका मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवली आणि लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवली. खरं सांगायचं तर त्यातलं एकही पुस्तक मी पुढच्या दोन वर्षांत हातात घेतलं नाही. हिंजवडीला कंपनीच्या कॅबनं जायचं, यायचं. गाडी तासन्‌तास रेंगाळायची, पण चालत्या गाडीत वाचायला घेतलं की मला मळमळायचं. घरी आल्यावर मोबाइल. यादीत मात्र नवी नावं पडत राहिली.

घरमालकीण काकू खाली राहायच्या. पन्नाशी कधीच उलटलेली. रस्त्याकडची जमीन विकली, उरलेल्या तुकड्यावर भात आणि खोल्यांमध्ये आम्ही भाडेकरू. सून नोकरीला, नातू शाळेत. दुपार त्यांना रिकामी असायची. एका रविवारी त्या वालाच्या शेंगा द्यायला वर आल्या आणि कपाटासमोर थबकल्या.

“काय गं ह्ये? सामानाची यादी?”

“नाही काकू, पुस्तकांची. वाचायची आहेत.”

त्यांनी चष्मा चढवून वरून खालपर्यंत सगळी नावं वाचली. मग म्हणाल्या, “मला बी दे की येक यादी करून. दुपारी टीव्ही बघून बघून डोकं उठतंय.”

मला फार बरं वाटलं. त्याच संध्याकाळी बसून मी त्यांच्यासाठी यादी केली. आठ पुस्तकं. संतांच्या सोप्या गोष्टी, घरगुती औषधं, विनोदी कथा, मोठ्या टायपातली दोन-तीन. काकू नववीपर्यंत शिकलेल्या, एवढं मला माहीत होतं. त्या नववीवरूनच मी सगळा हिशेब मांडला. पौड रस्त्यावरच्या एका वाचनालयाची वर्गणी भरली आणि शनिवारी पुस्तकं आणून द्यायला लागले. काकू वाचून परत करायच्या. कसं वाटलं विचारलं की म्हणायच्या, “बरं हाय.”

दीड महिन्यानं त्या पाण्याच्या मोटरचं काही सांगायला वर आल्या. बोलता बोलता त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून माझी चिठ्ठी काढली, उलगडली आणि एकेक नाव कपाटावरच्या कागदात शोधायला लागल्या. बोट वरून खाली, पुन्हा वरून खाली. मी ओट्यापाशी उभी होते. काय चाललंय ते मला कळलं आणि चहात साखर किती घातली तेही विसरले.

“ह्यातलं येक बी तुझ्या यादीत न्हाई.”

“काकू, मला वाटलं…”

“मला जड जातील?”

मी मान हलवली. खोटं बोलायला सुचलंही नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चिठ्ठीची घडी घालत हळू आवाजात त्या एवढंच म्हणाल्या, “आधी उचलून तर बघू द्यायचं हुतंस.”

चहा न घेताच त्या खाली गेल्या. मी कपाटावरचा कागद जसाच्या तसा दुसऱ्या कागदावर उतरवला, एकही नाव न गाळता. खाली जाऊन त्यांच्या हातात दिला. “चुकलं माझं,” म्हणाले. काकूंनी कागद घेतला, पहिल्याच नावावर बोट ठेवलं. “ह्ये आन.”

ती धरणात गेलेल्या गावांवरची जाडजूड कादंबरी होती. काकूंनी ती तीन आठवड्यांत संपवली. पायरीवर बसून, पापडांवर कावळे बसू नयेत म्हणून एक काठी शेजारी ठेवून. संपल्यावर मला हाक मारली.

“लई चांगलं लिवलंय. पन जात्याचं कायच न्हाई.”

“जात्याचं?”

“माझ्या आजेसासूचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. ती सांगायची, निगताना जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली, खालची तितंच ऱ्हायली. आर्धं जातं घिऊन काय करनार? तरी तिनं टाकलं न्हाई. ह्या मानसानं मोर्चे लिवलेत, सायबं लिवलेत. बायांनी काय उचललं आन काय सोडलं, त्ये कुटं हाय?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला काय वाटलं गं वाचून?”

आता दुसऱ्यांदा खरं बोलणं भाग होतं. “काकू, मी अजून वाचलंच नाहीये. त्या यादीतलं काहीच वाचलेलं नाही.”

पदर तोंडाला लावून त्या एवढ्या हसल्या की आतून सून बाहेर आली.

मी ती कादंबरी दोन शनिवार-रविवारांत वाचली. जातं खरंच नव्हतं. काकूंनी सांगितलं नसतं तर त्याची उणीव मला जाणवलीच नसती.

त्यानंतर आम्ही एकच प्रत आळीपाळीनं वाचायला लागलो. आधी त्या, मग मी. एक नावाजलेलं आत्मचरित्र त्यांनी चाळीस पानांवर मिटलं. “ह्यो निस्ता सोताचीच आरती ओवाळतोय,” म्हणाल्या आणि आपल्या कागदावर त्याच्या नावावर काट मारली. इतक्या वर्षांत यादीतलं नाव खोडता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीही ते खोडलं. मग आणखी चार खोडली, जी मी केवळ लोक नाव घेतात म्हणून लिहिली होती.

सध्या शहरात धुणीभांडी करणाऱ्या दोन बहिणींची एक कादंबरी चालू आहे. या वेळी मी हट्टानं दुसरी प्रत आणली, म्हणून दोघी एकदमच वाचतोय. काकू माझ्या साठेक पानं पुढे असतात. परवा मी कॅबमधून उतरले, तर फाटकाशीच उभ्या.

“धाकटी जाती बरं का घर सोडून!”

“काकू, सांगू नका ना!” मी कानांवर हात ठेवले.

“आगं, गेली तर गेली. का गेली त्ये बग,” त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेत पायरीवर बसायला जागा केली.